अप्पांनी फक्त विचारलं

पक्षकार बोलायला लागला की अप्पा हातातल्या पेनाला टोपण लावून तो बाजूला ठेवून देत. नव्या वकिलाला हे उलटंच वाटायचं. मलाही वाटलं. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मी वही उघडून, सगळं टिपून घ्यायच्या तयारीत बसले होते. अप्पांनी माझ्या वहीवर हात ठेवला.

"ऐक माय आधी. आपण लिहायला लागलो की माणूस जपून बोलतो. जपून बोललेलं आपल्या काय कामाचं?"

मन्मथअप्पा कोरे लातूरचे जुने वकील. गोरा रंग, ठेंगणा बांधा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि शर्टाच्या आत गळ्यात लिंग. सकाळी पूजा झाल्याशिवाय ते कोणाशी कामाचं बोलत नसत. शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, त्यामुळे बोलता बोलता 'मुकदमा', 'इमान', 'तजुर्बा' असे शब्द यायचे आणि त्यांच्या तोंडी ते शोभायचे. आडत बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. घराच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजे ऑफिस. बाहेरच्या खोलीत बाकडी आणि आतल्या खोलीत अप्पा.

मी नांदेडची. नवरा पाटबंधारे खात्यात, त्याची नेमणूक लातूरला झाली म्हणून मी लातूरला आले. बाई वकील ही तिथे तेव्हा बघायला थांबावं अशी गोष्ट होती. मी तीन-चार ज्येष्ठ वकिलांकडे जाऊन आले. एकाने चहा पाजला आणि मुलं झाल्यावर वकिली कशी करणार ते विचारलं. दुसऱ्याने बसायला जागा नाही म्हणून सांगितलं, आणि समोर दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. अप्पांनी मात्र काहीच विचारलं नाही. आतल्या खोलीत एक टेबल हलवून घेतलं, भिंतीला लावलं आणि म्हणाले, "उजेड डावीकडून येतो इथं. बस." त्या टेबलाशी मी सात वर्षं बसले. अप्पांबद्दल मी जे काही लिहिणार आहे, ते लिहिताना हे टेबल मला विसरता येत नाही.

आतल्या खोलीचे नियम होते. पक्षकार आला की कारकून बाहेर जायचा आणि दार लागायचं. पक्षकाराबरोबर आलेला भाऊ, मेहुणा, गावचा पुढारी, सगळे बाहेर. बायकांच्या बाबतीत तर हे फार कडक. नवरा तक्रार करायला लागला की अप्पा त्याला म्हणायचे, "मुकदमा हिचा हाय ना? मग हिचं तोंड हिलाच उघडू द्या." मग तांब्यातलं पाणी ते स्वतःच्या हातानं पेल्यात ओतून द्यायचे. समोरचा चाचरायला लागला की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बोला. माझ्या कानाला तोंड न्हाई."

हे नुसतं वाक्य नव्हतं. दोघा भावांची वाटणी चालू होती. थोरला अप्पांकडे येऊन तासभर मन मोकळं करून गेला. दोन दिवसांनी धाकटा आला. थोरला येऊन गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. त्याने उंबऱ्यातूनच सुरुवात केली, "अप्पा, आमच्या थोरल्यानं..." अप्पा इतक्या झटकन उठले की खुर्ची मागे पडली. दोन्ही कानांवर हात ठेवून ते म्हणाले, "पुढं बोलू नको. दुसऱ्या वकिलाकडं जा. का ते विचारू नको." तो बिचारा रागावून गेला. धाकटा येऊन गेला हे अप्पांनी थोरल्यालाही कधी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याला सांगितलं तर धाकट्यानं माझ्यावर टाकलेला विश्वास मी विकला म्हणायचा की."

दुसरी गोष्ट घरातली. अप्पांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकूंच्या बहिणीच्या मुलीचं, म्हणजे त्यांच्या भाचीचं लग्न उदगीरच्या एका घरात ठरत होतं. घर चांगलं, मुलगा देखणा. त्या मुलाला फिट येतात हे अप्पांना ठाऊक होतं. एका अपघाताच्या प्रकरणात मुलाच्या बापानं ते त्यांना आतल्या खोलीत सांगितलेलं. बैठकीला अप्पा गेले, शिरा खाल्ला, हसले, आणि परत आले. लग्न झालं. वर्षभरात भाचीला कळलं, तिच्याकडून काकूंना कळलं, आणि अप्पांना ते आधीपासून माहीत होतं हेही कुठून तरी काकूंना कळलं. महिनाभर त्या घरात जेवणाचं ताट नुसतं सरकवलं जायचं. मी अप्पांना विचारलं, की एक शब्द, नुसता इशारा करता आला नसता का? अप्पा म्हणाले, "रात्री झोप लागत न्हाई मला, माय. पण सांगितलं असतं तर त्या खोलीचं दार पुन्हा लावायचा मला हक्क नव्हता." ते बरोबर वागले का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भाचीचा संसार पुढे चांगला झाला, पण त्याचं श्रेय अप्पांकडे जात नाही. मला एवढंच कळलं होतं की हा माणूस स्वतःच्या घराला बोलला नाही, तो दुसऱ्या कोणाला काय बोलणार.

रत्नाबाईंनाही तसंच वाटायचं.

रत्नाबाई म्हणजे शहराच्या पश्चिमेला लागून असलेल्या शिवारातल्या शेतकरी बाई. बापाला मुलगा नव्हता, म्हणून बापाची जमीन त्यांच्या नावावर आलेली. बाप गेला तसा चुलतभावाने दावा लावला की लेकीचा काय संबंध. अप्पांनी तो दावा धाराशिवपर्यंत लढवला आणि जिंकला. तेव्हा लातूर धाराशिव जिल्ह्यात होतं, जिल्हा कोर्टाच्या कामाला एसटीने तिकडे जावं लागायचं. रत्नाबाई त्या वेळेपासून अप्पांच्या घरच्या झाल्या. त्या त्यांना अप्पा म्हणायच्या, अप्पा त्यांना रत्नाक्का. थंडीच्या दिवसांत ओल्या हरभऱ्याचे ढाळे घेऊन त्या यायच्या आणि काकूंजवळ स्वयंपाकघरात बसून सोलून द्यायच्या. उंच, काळ्यासावळ्या, आवाज पुरुषी. नवरा साधा आणि अबोल, शेताचं सगळं त्याच बघायच्या.

मग लातूर जिल्हा झाला.

त्या वर्षाचं वर्णन कोणी लातूरकरच करू शकेल. गुलाल, तोरणं, मिरवणुका. भाड्याच्या घरांतून एकेक कचेरी सुरू झाली. कोणाच्या माडीवर पुरवठा खातं, कोणाच्या गोदामात कोषागार. कलेक्टर, एसपी, जिल्हा न्यायाधीश, एवढे मोठे साहेब गावात राहायला आले आणि आमच्या बाररूमचं वातावरणच बदललं. धाराशिवच्या खेपा संपल्या. वकील कोट इस्त्री करून यायला लागले. जिल्हा सरकारी वकील कोण होणार, याच्यावर दिवसभर चर्चा चालायची. अप्पांचं नाव त्यात कोणी घेत नव्हतं. असल्या गोष्टी मागायला जाणारा माणूस तो नव्हे, असं सगळे समजत होते.

आणि नेमकी तीच वर्षं दुष्काळाची. नवे बोर्ड लागत होते आणि त्याच बोर्डांखालून घागरींच्या रांगा जात होत्या. टँकर आला की कोर्टातले शिरस्तेदारही बायकोला निरोप धाडायचे. माझा नवरा दिवसभर आटलेल्या तलावांचे आकडे लिहून संध्याकाळी घरी यायचा आणि अर्ध्या बादलीत आंघोळ करायचा. अप्पांच्या आतल्या खोलीतला तांब्या मात्र भरलेला असायचा. पक्षकाराला पाणी दिल्याशिवाय बोलायला सांगायचं नाही, हे त्यांनी त्या दिवसांतही सोडलं नाही.

नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांना, वसाहतीला जमीन लागणार होती. रत्नाबाईंचं शिवार त्या नकाशात आलं. नोटिसा निघाल्या, पंचनामे झाले आणि सरकारने मावेजा, म्हणजे जमिनीचा मोबदला, ठरवला. तो कोरडवाहू जमिनीच्या दराने. रत्नाबाईंची जमीन बागायती. बापाने बांधलेली विहीर होती, सातबाऱ्यावर ऊस होता. मावेजा वाढवून मिळावा म्हणून कोर्टात जायचं ठरलं. त्या पट्ट्यातलं हे पहिलं प्रकरण. त्याच्यात जो निकाल लागेल, त्यावर बाकीच्या सगळ्यांचे दर ठरणार होते. म्हणून सगळं शिवार रत्नाबाईंकडे डोळे लावून होतं.

त्या दुपारी आतल्या खोलीत आम्ही तिघंच होतो. दार लावलेलं. अप्पांनी पाणी दिलं, पेनाला टोपण लावलं. रत्नाबाई नेहमीसारख्या धडाधड बोलल्या नाहीत. पेला हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "अप्पा, एक सांगायचंय. हिरीला पाणी न्हाई. दुष्काळ पडल्यापून न्हाई. ऊस तलाठ्यानं मागलाच लिवून ठिवलाय, रानात निसती ज्वारी हाय, ती बी करपलेली."

अप्पा शांतपणे म्हणाले की त्यात लपवण्यासारखं काही नाही. आभाळ रुसलं म्हणून जमीन कोरडवाहू होत नसते. विहीर आहे, ऊस निघत होता, पाऊस पडला की पुन्हा निघेल. कोर्टात हेच म्हणायचं आहे आणि हे खरंही आहे. मला ते ऐकून बरं वाटलं. कायद्यानेही ते बरोबर होतं.

पण रत्नाबाईंचं संपलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांना तसं करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"प्यायाचं पाणी म्या त्या चुलतभावाच्या बोरवरून आणते, अप्पा. ज्याच्याशी कोर्टात भांडले त्याच्या. पांदीच्या वाटंनं जाते, गावाला दिसू न्हाई म्हणून. त्याची बायकू बोरपाशी उभी राहून मला बघत राहती. एक अक्षर बोलत न्हाई. निसती बघती."

अप्पांनी मान हलवली. मग त्यांनी बारीक बारीक विचारलं. विहीर किती खोल, तळाला कधीपासून खडक दिसायला लागला, बोअरवर कोण कोण असतं, कोणी पाहिलं का. रत्नाबाई सांगत गेल्या. माझ्या मनात आलं की दाव्याला एवढं कशाला हवं. पण अप्पा विचारत होते म्हणजे काही कारण असणार. शेवटी रत्नाबाई डोळे पुसून म्हणाल्या की आता हलकं वाटलं. त्या गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "वकीलपत्र तुझ्या एकटीच्या नावानं दाखल कर. आता तू स्वतंत्र उभी राहायला पायजेस." मला केवढा आनंद झाला होता. त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं की अप्पांनी माझ्यावर पहिलं मोठं प्रकरण टाकलं.

थोड्याच दिवसांत अप्पा जिल्हा सरकारी वकील झाले. बाररूम थक्क झाली. पेढे वाटले गेले. अप्पांनी धोतर सोडून पँट घातली आणि नवा काळा कोट चढवला. आपली खाजगी प्रकरणं त्यांनी माझ्याकडे आणि आणखी दोघांकडे सोपवली. कपाटाची किल्ली मला देताना म्हणाले, "रत्नाक्काचं नीट बघ." मी पाया पडले.

सरकारच्या बाजूने रत्नाबाईंच्या प्रकरणात कोणीतरी सहायक वकील उभा राहील, असं मी धरून चालले होते. अप्पा स्वतः ते काम घेणार नाहीत, हे सांगायचीही गरज मला वाटली नव्हती.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. सगळं शिवार आलेलं. मागच्या बाकावर चुलतभाऊ आणि त्याची बायकोही होती, कारण त्यांचीही जमीन गेली होती. मी रत्नाबाईंची साक्ष घेतली. विहीर, ऊस, सातबारा, सगळं व्यवस्थित आलं. मी बसले. आणि सरकारच्या बाजूने अप्पा उठले.

मला वाटलं, तारीख मागतील. रत्नाबाईंनाही तसंच काही वाटलं असणार, कारण त्यांनी अप्पांना बघून पदर सारखा केला आणि ओळखीचं हसल्या.

पहिले दोन-चार प्रश्न साधे होते. जमीन किती, गावापासून लांब किती. अप्पांचा आवाज तोच, आतल्या खोलीतला. मग त्यांनी विचारलं, "प्यायचं पाणी तुम्ही स्वतःच्या विहिरीचं वापरता का?"

रत्नाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण ते थिजलं.

"ज्या चुलतभावाशी तुमचा दावा झाला, त्याच्या बोअरवरून तुम्ही पाणी आणता. तुमची विहीर कोरडी पडलेली आहे म्हणून. हे खरं का?"

मी उठले. मी म्हणाले की ही माहिती वकील म्हणून त्यांना सांगितली गेली होती, त्यांना हा प्रश्न विचारता येत नाही, या प्रकरणात त्यांना उभंच राहता येत नाही. न्यायाधीश नवे होते, सरळ होते. त्यांनी फाइल चाळली आणि मला विचारलं की या प्रकरणात त्यांचं वकीलपत्र कुठे आहे? ते कुठेच नव्हतं. सगळीकडे माझं एकटीचं नाव होतं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते न्यायाधीशांना म्हणाले, "मी काहीही सांगत नाही, साहेब. मी फक्त विचारतोय. साक्षीदारानं खोटं वाटत असेल तर नाही म्हणावं."

न्यायाधीशांनी रत्नाबाईंना उत्तर द्यायला सांगितलं.

त्या 'नाही' म्हणू शकल्या असत्या. त्यांच्याकडे बघणाऱ्या निम्म्या लोकांना तेच हवं होतं. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि अप्पांकडे बघत म्हणाल्या, "हे तुम्हाला ठावं हाय की, अप्पा. म्याच सांगितलंवतं."

मागच्या बाकावर चुलतभावाच्या बायकोने मान खाली घातली. न्यायाधीशांनी टंकलेखकाला मजकूर सांगितला, "विहीर कोरडी असून मी चुलतभावाच्या बोअरचे पाणी वापरते हे म्हणणे खरे आहे." माझ्या पक्षकाराचे शब्द जसेच्या तसे घ्यावेत, असं मी म्हणाले. उत्तर तेवढंच आहे, असं मला सांगण्यात आलं. रत्नाबाई काय बोलल्या, ते आज कोणत्याही कागदावर नाही.

अप्पांनी पुढे विहिरीच्या खोलीपासून खडकापर्यंत सगळं विचारलं. एकही प्रश्न वाया गेला नाही. रत्नाबाई प्रत्येक वेळी नुसतं "हाव" म्हणत राहिल्या.

संध्याकाळी मी अप्पांच्या घरी गेले. ते जेवायला बसले होते. काकू भाकरी थापत होत्या. मी उभीच राहिले आणि विचारलं की असं का केलं. अप्पा चिडले नाहीत. मला बसायला सांगितलं, आणि एखादा मुद्दा समजावून द्यावा तसे बोलायला लागले. सरकारी वकिलाचा पक्षकार म्हणजे जनता. जनतेचा पैसा वाचवणं हे त्याचं कर्तव्य. कोर्टापुढे सत्य यायला हवं. त्यांनी कोणाचं गुपित फोडलं नाही, बाई स्वतःच्या तोंडानं बोलली. वकीलपत्र तर त्यांचं नव्हतंच. हे सगळं ते इतकं नीटनेटकं बोलले की त्यांनी ते आधी स्वतःला अनेकदा सांगितलं असणार, असं मला वाटलं.

"मी काय सांगितलं का कोणाला, माय? मी फक्त विचारलं."

"विचारायचं काय, ते तुम्हाला कुणी सांगितलं, अप्पा?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि काकूंकडे ताक मागितलं. काकूंनी ताकाचा गडवा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांचा हात पिठाने माखलेला होता. त्या अप्पांना म्हणाल्या, "माझ्या भाचीच्या येळी तुमच्या तोंडाला कुलूप होतं." आणि चुलीकडे परत गेल्या.

मला दाराशी पोचवायला त्याच आल्या. तिथे त्यांनी सहज म्हणून सांगितलं, की अप्पांचा तो नवा कोट दसऱ्याच्या आधीच शिवायला टाकला होता. सरकारी वकिलासाठी नाव वर गेलं होतं, नक्की होतं, फक्त कागद यायचा बाकी होता. रत्नाबाई येऊन बोलल्या, ती दुपार दिवाळीनंतरची. मी रस्त्याने घरी जाताना त्याचा हिशोब लावत होते. वकीलपत्र माझ्या एकटीच्या नावानं का, ते मला घरी पोचेपर्यंत कळलं. ज्या गोष्टीचा मी आनंद केला होता, ती माझ्यासाठी नव्हतीच.

निकाल विरुद्ध गेला. जमीन कोरडवाहू धरली. रत्नाबाईंची आणि त्यांच्यामागून सगळ्यांची. मी औरंगाबादला अपील केलं, पुष्कळ वर्षांनी त्यात थोडंफार वाढवून मिळालं, तोवर त्या पैशाला काही अर्थ उरला नव्हता. निकालानंतरच्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. रत्नाबाईंची विहीर वरच्या पायरीपर्यंत भरली. कंत्राटदाराने पंप लावून ती उपसली आणि मुरूम टाकून बुजवली. ती बुजवताना बघायला रत्नाबाई गेल्या नाहीत, त्यांचा नवरा गेला होता. तो मला सांगत होता की पाणी लई गोड होतं.

मी अप्पांचं ऑफिस सोडलं. रत्नाबाईंच्या घरी गेले आणि म्हणाले की आपण अप्पांविरुद्ध तक्रार करू. माझ्यासमोर घडलंय, मी साक्ष देईन. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं नाही.

"तक्रार करायची म्हणजे पुन्ना कुणापुढं तरी सगळं सांगावं लागंल ना?"

मी हो म्हणाले.

"मग न्हाई. आता कुणाला काही सांगायचं न्हाई मला."

पुढे अपिलाच्या निमित्ताने त्या माझ्याकडे यायच्या. बसायच्या, पाणी प्यायच्या. मी विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायच्या आणि थांबायच्या. मी पेन खाली ठेवलं तरी काही फरक पडत नव्हता. त्या माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या. माझ्या मुलीच्या बारशाला त्या आल्या, तिला कुंची शिवून आणली. पण वकील म्हणून मी त्यांना पुन्हा मिळाले नाही, आणि त्या मला पक्षकार म्हणून मिळाल्या नाहीत. हे अप्पांनी आमच्या दोघींकडून नेलं. ते त्यांना कळलं होतं का, कोण जाणे.

अप्पा कोर्टात भेटायचे. मी नमस्कार करायची, ते मान हलवायचे. सरकार बदललं तसं त्यांचं पद गेलं. ते पुन्हा आतल्या खोलीत जाऊन बसले, पण बाहेरची बाकडी भरेनात. त्या दिवशी कोर्टात जे बसले होते त्यांनी गावोगाव सांगितलं होतं. कोणी अप्पांना वाईट म्हणत नव्हतं. फक्त येत नव्हतं.

काही वर्षांनी नवऱ्याची बदली नांदेडला झाली आणि मी माहेरच्या गावी वकिली सुरू केली. काकू गेल्याचं मला उशिरा कळलं. मी अप्पांना दोन ओळींचं पत्र पाठवलं.

त्यानंतर एका रविवारी सकाळी माझ्या नांदेडच्या घराच्या जिन्यावर पावलं वाजली. पायऱ्या उंच आहेत, माणूस मध्ये मध्ये थांबत येत होता. दार उघडलं तर अप्पा. धोतर पुन्हा नेसायला लागले होते. भस्माचे पट्टे जरा वाकडे ओढलेले, हाताला कंप असावा. लातूरहून पहाटेच्या एसटीने आले होते. एकटेच.

मी पाणी दिलं. त्यांनी ते पूर्ण प्यायलं. मग त्यांनी माझ्या मुलीकडे आणि नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरा दार लावतीस का, माय?"

मी ऑफिसच्या खोलीत नेऊन दार लावलं. त्यांना वकील हवा होता. लातुरात कोणाकडे जाता येत नव्हतं. तिथे सगळे त्यांचे ज्युनियर किंवा त्यांचे प्रतिस्पर्धी, असं ते म्हणाले. माझं मन नाही म्हणायला तयार होतं. मी रत्नाबाईंचं नाव घेणार होते. त्यांनी निदान एकदा ते नाव घ्यावं, म्हणून मी वाट बघितली. त्यांनी घेतलं नाही. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, पक्षकार बसतात तसे, हात गुडघ्यांवर ठेवून. मी पेन बाजूला ठेवलं.

अप्पा तासभर बोलले. त्यांनी मला काय सांगितलं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. ते इथेही लिहिणार नाही. मी त्यांना सल्ला दिला, काय कागद लागतील ते सांगितलं. त्यांनी फी विचारली तेव्हा मी नको म्हणाले.

ते उठले. दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला आणि वळले.

"हे तुझ्यापाशीच राहील ना?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी त्यांच्या खोलीत कोणाला विचारताना ऐकलं नव्हतं. तिथे तो कोणाच्या मनातच येत नसे. मला तेव्हा लगेच 'हो' म्हणता आलं असतं. मी म्हणाले नाही. म्हातारा माणूस कडीला धरून उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी त्याला तसं उभं राहू दिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. खालच्या रस्त्यावरून केळीवाला अर्धापूरची केळी म्हणून ओरडत गेला, त्याचा आवाज येऊन विरलाही.

"राहील," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि दार उघडलं. मी जिन्याच्या कठड्यापाशी उभी राहून बघत होते. एका हाताने भिंत धरत, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत ते खाली उतरले. शेवटच्या वळणावर थांबून त्यांनी मान वर करून पाहिलं. माझ्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता.